तळमजल्याच्याही खाली

शनिवारची संध्याकाळ. सहा वाजून बावीस मिनिटं झालीयेत. शो साडेसहाला आहे. आणि मी टोकियोतल्या कोएन्जी नावाच्या भागात एका लाँड्रीसमोर उभी आहे. फोनवरचा निळा ठिपका ठामपणे सांगतोय, पोचलात मॅडम. समोर प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये इस्त्री केलेले कोट लटकलेत. रॉक बँडचा मागमूस नाही. ड्रम्सचा आवाज सोडा, साधी शिट्टीसुद्धा ऐकू येत नाहीये.

हा माझा त्या गल्लीतला तिसरा फेरा. लाँड्रीतल्या आजी आता मला ओळखायला लागल्यात.

तुम्ही म्हणाल, कॉन्सर्ट आणि सापडत नाही? बरोबर आहे. परदेशात कॉन्सर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टेडियम येतं. २०२४च्या जानेवारीत कोल्डप्ले सिंगापूरला सहा रात्री वाजवत होते, तेव्हा माझ्या इन्स्टावर निम्मं कोथरूड तिथे होतं. पुढच्या जानेवारीत तेच नवी मुंबईला आले तर ट्रेन, बस, रिक्षा सगळं डी. वाय. पाटील स्टेडियमच्या दिशेनेच धावत होतं. अशा ठिकाणी हरवायचं ठरवलं तरी हरवता येत नाही, गर्दीच तुम्हाला उचलून आत नेऊन ठेवते. माझी जागा वेगळी होती. दीडशे माणसांची, तळघरातली, बाहेर इंग्रजीत अक्षरही नाही. शहर टोकियो. आणि महिना नोव्हेंबर, म्हणजे साडेचारलाच सूर्य मावळतो आणि पाचला चक्क रात्र!

आधी थोडं मागे जाऊ.

बँडचं नाव मी लिहीत नाही. तीन जण आहेत, तिघंही पोटासाठी दुसऱ्या नोकऱ्या करतात, आणि आपण कुठल्याशा मराठी साप्ताहिकात छापून आलोय हे कळलं तर बिचारे भाषांतर करत बसतील. आमची ओळख २०१९ची. कर्वेनगरचा भाड्याचा फ्लॅट, रात्रीचा दीड, माझं मासकॉमचं शेवटचं सबमिशन, आणि यूट्यूबने आपल्याआपण लावलेलं एक सात मिनिटांचं गाणं. मी बंद करायला हात पुढे केला तर कॉटवर आडवी पडलेली माझी रूममेट म्हणाली, "थांब, राहू दे." तिला मी पार्टनर म्हणते, इथेही तेच नाव चालवू. गाण्याचे व्ह्यूज होते चारशे आणि काहीतरी. पुढच्या महिन्यात ते सहाशेच्या वर गेले, त्यातले निदान दीडशे आमच्या फ्लॅटमधून.

शब्द एक कळत नव्हता. आजही कळत नाही. पण पार्टनरचं पहिलं अप्रेझल, माझा पहिला बुडालेला चेक, तिचं ब्रेकअप, लॉकडाउन, सगळ्याला तेच गाणं. कधीतरी यांना समोर बसून ऐकायचं हे तेव्हाच ठरलं होतं. आपण रूममेटबरोबर अशा शंभर गोष्टी ठरवतो ना, लडाख, स्कूबा, टिफिन बंद करून घरी स्वयंपाक, त्यातलीच एक. फक्त ही आम्ही खरंच करायला घेतली. २०२४च्या जूनअखेर येन डॉलरच्या तुलनेत १९८६नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला, आणि पार्टनरने ऑफिसातून मेसेज टाकला, "जपान सेलमध्ये लागलंय." तिने तिचा बोनस बाजूला काढला. मी दोन दिवाळी अंकांचं मानधन आणि एका बिल्डरच्या ब्रोशरचे पैसे. (फ्रीलान्सरचं बँक स्टेटमेंट आणि व्हिसा हा वेगळ्या कॉलमचा विषय आहे. लिहीन कधीतरी, जखम भरली की.)

तिकीट कसं काढायचं हाही एक शोधच होता. अशा छोट्या शोसाठी बऱ्याचदा बँडलाच कळवायचं असतं. तुमचं नाव आणि किती जण. ते तुमच्या नावावर तिकीट राखून ठेवतात, त्याला म्हणतात 'तोरिओकी'. पैसे दारात द्यायचे. कार्ड नको, ओटीपी नको, निव्वळ शब्दावर. मी ट्रान्सलेटर वापरून मेल पाठवला, नावं दोन. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: दोन जण, समजलं, धन्यवाद. आम्ही ती ओळ प्रिंट काढून फ्रिजला लावली.

हे वाचताना मला त्या 'नोरुमा' प्रकाराबद्दल कळलं. जपानमध्ये अशा छोट्या जागांना लाइव्ह हाउस म्हणतात. एका संध्याकाळी चार-पाच बँड, प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास. यातल्या बऱ्याच ठिकाणी बँडला कोटा असतो: इतकी तिकिटं तुम्ही खपवायची. नाही खपली तर उरलेल्यांचे पैसे बँडने स्वतःच्या खिशातून भरायचे. समजा कोटा पंधराचा, तिकीट अडीच हजार येनचं आणि तुमच्यासाठी आले आठ जण. मग उरलेल्या सातांचे साडेसतरा हजार येन, म्हणजे आपले साडेनऊ हजारांच्या वर रुपये, तुम्ही भरा आणि घरी जा. वाजवल्याचे पैसे मिळणं दूरच, वाजवायला पैसे! आपल्याकडे हौशी नाटकवाले खिशातून पैसे घालतात तसंच काहीसं. पार्टनरला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे आपण दोघी गेलो तर त्यांचे पाच हजार येन वाचतील." तिचं गणित नेहमी असंच तयार असतं.

आणि निघायच्या पंधरा दिवस आधी तिची सुट्टी रद्द झाली. क्लायंटचं गो-लाइव्ह त्याच वीकेंडला आलं. मॅनेजर म्हणाला, तू नसशील तर कसं चालेल, आणि ती 'ओके' म्हणाली. मला राग मॅनेजरचा आला नाही. तो कोण माझा? मला राग त्या 'ओके'चा आला. मी फोनवर तिला बरंच काही बोलले. त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की तू कायम हेच करतेस. ती म्हणाली, "तुझ्यासारखं मला कुणालाही नाही म्हणता येत नाही, मला महिन्याला हप्ता आहे." खोटं नव्हतं ते. एकाच फ्लॅटमध्ये राहून आम्ही पंधरा दिवस फक्त गॅस सिलेंडर आणि कामवाल्या मावशींच्या पगाराबद्दल बोललो. निघताना ती झोपलेली होती, किंवा तसं दाखवत होती.

तर मी एकटी गेले, व्हाया बँकॉक.

कोएन्जी टोकियोच्या पश्चिमेला, शिंजुकूपासून लोकलने जेमतेम दहा मिनिटं. जुन्या कपड्यांची दुकानं, रेकॉर्डची दुकानं, पंक रॉकचा जुना अड्डा, आणि ऑगस्टअखेर तिथे रस्त्यावर आवा ओदोरी नाचाचा मोठा उत्सव असतो, १९५७पासूनचा. मी सगळं वाचून गेले होते. फक्त एक गोष्ट वाचली नव्हती.

शिंजुकू स्टेशनचे दरवाजे दोनशेहून जास्त आहेत आणि जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन म्हणून त्याचं नाव गिनेस बुकात आहे. तिथल्या भूलभुलैयातून मी पाऊण तासात बरोबर प्लॅटफॉर्म शोधला आणि स्वतःवर जाम खूश झाले. नारिंगी पट्ट्याची गाडी, चुओ रॅपिड. पहिलं स्टेशन नाकानो, मग कोएन्जी. नाकानो आलं. दारं बंद झाली. कोएन्जी आलं... आणि गेलं. गाडी थांबलीच नाही! माझ्या डोळ्यांसमोरून फलाट, पाटी, माणसं सगळं सुळकन मागे. पुढचं आसागायाही तसंच. थेट ओगिकुबोला उतरले.

कारण शनिवार. चुओ रॅपिड शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कोएन्जीला थांबत नाही. एरवी थांबते. त्या दिवशी पिवळ्या पट्ट्याची, सगळीकडे थांबणारी गाडी पकडायची. मुंबईची कुठलीही शाळकरी मुलगी फास्ट-स्लो बघितल्याशिवाय डब्यात पाय ठेवणार नाही. मी पुण्याची, आमच्याकडे गाडीत चढायला मिळालं हेच खूप. उलट्या दिशेची पिवळी गाडी धरून परत आले तोवर पावणेसहा वाजून गेले होते. वर आणखी एक गंमत ऐका: कोएन्जी नावाची स्टेशनं तीन आहेत. एक हे, आणि मारुनोउची नावाच्या मेट्रोवर शिन-कोएन्जी आणि हिगाशी-कोएन्जी, म्हणजे नवं आणि पूर्व. तिन्हींच्या आसपास लाइव्ह हाउसेस आहेत. तुमचं कुठलं, हे निघायच्या आधी तीनदा तपासा. मी निदान तेवढं केलं होतं.

स्टेशन मिळालं. आता पत्ता.

मासकॉमला असताना आम्हाला रोलाँ बार्थ होता. त्याचं जपानवरचं १९७०चं एक पुस्तक आहे, त्यात एक प्रकरण टोकियोच्या रस्त्यांना नावंच नसण्यावर आहे. कुणाकडे जायचं तर लोक कागदावर नकाशा काढून देतात, असं काहीतरी. मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं आणि उत्तरात 'चिन्हांचा अभाव हेच चिन्ह' असं ठोकून दिलं होतं. आठ मार्क मिळाले होते. कोएन्जीच्या चौकात उभं राहिल्यावर कळलं की बार्थ साहेब तत्त्वज्ञान वगैरे काही सांगत नव्हते, सरळ रस्त्यावरची अडचण सांगत होते.

म्हणजे असं, की आपल्याकडे पत्ता रस्त्याने जातो. अमुक रोड, तमुक चौकाच्या पुढे, डावीकडे. टोकियोत पत्ता तुकड्यांनी जातो. आधी वॉर्ड, इथे सुगिनामी. मग भाग, कोएन्जी दक्षिण किंवा उत्तर. मग तीन आकडे. पहिला भागाच्या आतल्या विभागाचा, दुसरा ब्लॉकचा, तिसरा त्या ब्लॉकमधल्या इमारतीचा. रस्ता म्हणजे दोन ब्लॉकमधली मोकळी जागा, तिला कशाला नाव? १९६२च्या कायद्याने हे नंबर निदान ब्लॉकच्या कडेने ओळीने द्यायला सुरुवात झाली. त्याआधीची पद्धत जमिनीच्या तुकड्यांच्या नोंदीची, म्हणजे सातच्या शेजारी एकतीस. आपल्या पेठांमधल्या घरांचे नंबर ज्याने शोधलेत त्याला हे नवीन नाही. पण पेठेत निदान एखादा मारुती असतो, आणि मारुतीला नाव असतं.

नाही म्हणायला बाजारपेठांच्या गल्ल्यांना नावं असतात. कोएन्जीच्या उत्तरेला तर एक गल्ली आहे, जिला कादंबरीवरून नाव मिळालंय. शोइची नेजिमे यांच्या 'कोएन्जी जुन्जो शोतेन्गाई'ला १९८९ साली नाओकी पुरस्कार मिळाला, आणि बाजाराने तेच नाव घेतलं. आपल्याकडे कादंबरीला पुरस्कार मिळाला की फार तर सत्कार होतो. पण माझं तळघर त्या गल्लीत नव्हतं. दक्षिणेला होतं, जिथून एक छप्पर घातलेला बाजार सुरू होतो आणि त्याला चहूबाजूंनी बिननावाचे फाटे फुटत जातात.

मी आधी स्टेशनजवळच्या कोबानमध्ये गेले. कोबान म्हणजे छोटी पोलिस चौकी, आणि रस्ता विचारणं हे तिथलं सगळ्यात नेहमीचं काम. पोलिसाने माझे तीन आकडे बघितले, टेबलावरचा मोठा नकाशा पुढे ओढला आणि ब्लॉकवर बोट ठेवलं. दोन वळणं, उजवीकडे, पाच मिनिटं. त्याने अजिबात चूक केली नाही. ब्लॉक बरोबर होता. निळा ठिपकाही बरोबर होता. इमारत, लाँड्री, आजी, सगळं बरोबर!

चूक माझी होती. मी वर बघत होते.

नकाशाला मजले कळत नाहीत. ठिपका तुम्हाला इमारतीपाशी आणून सोडतो, पुढे तिचा पाचवा मजला की तळघर हे तुमचं तुम्ही बघायचं. या शहरातली अर्धी गाणी जमिनीखाली चालतात. शिंजुकूचं लॉफ्ट हे १९७६पासूनचं नाव, आज तळघरातच आहे. शिमोकिताझावाचं शेल्टर १९९१चं, तेही तळघर. शेजारी लोक राहतात, त्यांना झोपायचं असतं, म्हणून आवाज जमिनीत. आणि आवाज जमिनीत नीट गाडला गेला की माझ्यासारखीला वर उभं राहून काहीही ऐकू येत नाही.

सहा तेवीसला मला पाठीवर गिटारची बॅग घेतलेला एक मुलगा दिसला. झालं, मी त्याच्या मागे! ही आयडिया मला त्या क्षणी प्रचंड हुशारीची वाटली. तो वळला, मी वळले. तो एका काचेच्या दारात शिरला, मी शिरले. आत काउंटर, भिंतीवर तासांचे दर, आणि बंद दारांच्या मागून चार वेगवेगळी गाणी एकदम. तो सरावाचा स्टुडिओ होता. कोएन्जीत असे बरेच आहेत, गिटार पाठीवर घेतलेला प्रत्येक जण काही स्टेजवर चाललेला नसतो.

काउंटरवरच्या माणसाला मी फोनवरचं बँडचं नाव दाखवलं. मग घड्याळ दाखवलं. मग, खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. इतक्या पैशांचा, पंधरा दिवसांच्या अबोल्याचा आणि त्या मूर्ख नारिंगी गाडीचा, सगळ्याचा एकदम राग आला. त्याने काउंटरवर एक पाटी ठेवली ('लगेच येतो' अशीच असणार), चपला बदलल्या आणि बाहेर पडला. भराभर चालत त्याने मला परत त्याच ब्लॉकला आणलं. लाँड्री ओलांडली. लाँड्री आणि शेजारच्या इमारतीच्या मध्ये सायकली लावलेल्या होत्या. सायकलींच्या मागे गुडघ्याएवढी घडीची पाटी, तिच्यावर खडूने चार नावं, सगळी जपानी लिपीत. तिच्यामागे खाली जाणारा जिना. मी तीनदा त्या सायकलींना वळसा घालून गेले होते.

सहा अठ्ठावीस. तो वाकला, मी त्याच्याहून जास्त वाकले, आणि तो परत पळाला.

जिन्याच्या दोन्ही भिंती पोस्टर्सनी भरलेल्या, एकावर एक, इंचभर जाडीच्या. खाली टेबल, टेबलामागे एक मुलगी, समोर वही. तिने काहीतरी विचारलं. मी नाव सांगितलं. तिने मान हलवली आणि परत तेच विचारलं, त्यात मला 'बान्दो' एवढंच कळलं. मग लक्षात आलं. लाइव्ह हाउसच्या दारात विचारतात तोच प्रश्न: आज तुम्ही कुठल्या बँडसाठी आलात? तुमचं तिकीट त्या बँडच्या खात्यात मांडलं जातं. मी नाव सांगितलं. तिने वही माझ्याकडे फिरवली.

चार रकाने, चार बँड. आपण मोजताना चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारतो. जपानी लोक एक चित्राक्षर लिहितात, पाच रेघांचं, प्रत्येक माणसामागे एक रेघ. आमच्या बँडच्या रकान्यात एक पूर्ण अक्षर होतं आणि शेजारी दोन रेघा. सात माणसं. खाली राखीव नावांच्या यादीत आमची दोघींची नावं त्यांच्या लिपीत, कंसात काहीतरी लिहिलेलं. बहुधा 'भारत'. तिने दोन बोटं दाखवली आणि माझ्या मागे बघितलं.

माझ्या मागे कुणी नव्हतं. न आलेल्या माणसाचे पैसे कुणी मागत नाही, मलाही मागितले नसते. पण मी पण दोन बोटं दाखवली. अडीच हजार अधिक ड्रिंकचे सहाशे, गुणिले दोन. सहा हजार दोनशे येन. (हे ड्रिंक सगळ्यांनाच घ्यावं लागतं. यातल्या बऱ्याच जागा सरकारदरबारी थिएटर म्हणून नाही तर खाण्यापिण्याची जागा म्हणून नोंदलेल्या असतात, त्यामुळे गाणं हे जणू सरबताबरोबर फुकट.) तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पैसे घेतले, दोन रेघा ओढल्या आणि ड्रिंकची दोन कुपनं दिली. नऊ.

आत तीसेक माणसं असतील. ठीक साडेसहाला दिवे गेले. तिकडे साडेसहा म्हणजे साडेसहाच, आपल्यासारखं 'गणपतीबाप्पा मोरया म्हणून सात' असं नाही. आमचा बँड सर्वांत पहिला.

आता खरं तर मी इथे संगीत समीक्षा लिहायला हवी. मला जमणार नाही. स्टेज माझ्या कमरेएवढंही उंच नव्हतं. बेस वाजवणाऱ्या मुलीच्या बुटाची लेस सुटली होती आणि ती अर्धा तास तशीच वाजवत होती, मला सतत भीती की ही पडणार. हेडफोनवर पाच वर्षं ऐकलेला तो ड्रमचा आवाज इथे कानात नाही, बरगड्यांत येत होता. गाणं संपलं की टाळ्या, आणि मग पूर्ण शांतता. कुणी ओरडत नाही, कुणी बोलत नाही, गिटार ट्यून केल्याचं टुणटुण सगळे आदराने ऐकतात. पहिल्यांदा वाटलं लोकांना आवडलं नाही की काय! नंतर सवय झाली, आणि मग ती शांतताच आवडायला लागली.

चौथं ते सात मिनिटांचं गाणं. मी फोन काढला, पार्टनरसाठी रेकॉर्ड करायला. भिंतीवर कॅमेऱ्यावर फुली मारलेलं चित्र होतं. तीस जणांत एकाच्याही हातात फोन नव्हता. मी परत खिशात टाकला. त्यामुळे त्या गाण्याचा माझ्याकडे काहीही पुरावा नाही.

सात वाजायला दोन मिनिटं असताना सगळं संपलं. अठ्ठावीस मिनिटं. हिशेब करू नका, मी केलाय. मिनिटाला जवळपास चार हजार रुपये पडले.

पुढचे तीन बँड होईपर्यंत आमचे तिघं मागच्या टेबलावर स्वतःच टी-शर्ट आणि कॅसेट विकत उभे. होय, कॅसेट. मी जाऊन नाव सांगितलं. गाणारा दोन सेकंद बघत राहिला, मग त्याने ड्रमरला हाक मारली. मोडक्या इंग्रजीत त्याने जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की मेल आला तेव्हा त्यांना कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं होतं. तरी नावं यादीत लिहिली, कारण समजा खरंच आले तर? मग त्याने विचारलं, दुसरी कुठे आहे?

मला येणाऱ्या दहा जपानी शब्दांत एक कामाचा होता. मी म्हटलं, "शिगोतो." काम.

तिघांनी एकदम मान हलवली. आश्चर्य नाही, सहानुभूतीचा चेहरा नाही, काही नाही, 'हां, बरोबर' एवढंच. ड्रमर हसला आणि घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, "मी टू." त्याची रात्रपाळी होती, कुठल्याशा गोदामात. ते सर्वांत पहिल्यांदा वाजवत होते ते याच कारणाने. आठच्या आत त्याने बॅग भरली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि जिना चढून कामावर गेला.

मी एका कुपनाचं उलाँग टी घेतलं. पार्टनरला मी जे सुनावलं होतं ते मला या माणसाला म्हणता आलं असतं का, असं एकदा मनात आलं.

शो संपून वर रस्त्यावर आले. फोनला रेंज आली आणि मेसेज टणकला. पार्टनरचा, आपल्याकडच्या तीन वाजून एक मिनिटाचा, म्हणजे तिथला साडेसहानंतरचा. पंधरा दिवसांतला पहिला, ज्यात सिलेंडर नव्हता. "सुरू झालं का? सापडलं ना?" तिने वेळ लावून ठेवली होती. ऑफिसात, गो-लाइव्हच्या गोंधळात, साडेतीन तासांचा फरक मोजून. गणित नेहमीच तयार.

रेल्वेच्या पुलाखाली यकितोरीचे धूर निघत होते. मी एका स्टुलावर बसून तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. नारिंगी गाडी, लाँड्रीच्या आजी, नऊ रेघा. तिने मधे एकदाच विचारलं, "माझे पण पैसे भरलेस?" मी हो म्हटलं. बराच वेळ पलीकडून फक्त की-बोर्डचा आवाज येत होता. मग म्हणाली, "जीपे करू का?" मी म्हटलं, "मार खाशील."

दुसरं कुपन मी वापरलं नाही. बोटभर जाड कागद, त्यावर जागेचा शिक्का आणि तारीख. पुण्याला पोचल्यावर पार्टनरच्या हातात ठेवलं. तिने फोनचा ट्रान्सलेटर लावून मागची ओळ वाचली: फक्त आजच्या दिवसासाठी वैध. "म्हणजे गेलं की वाया," ती म्हणाली, आणि ते ऑफिसच्या आयडी कार्डच्या पाकिटात मागच्या बाजूला सरकवून ठेवलं. हिंजवडीच्या गेटवर कार्ड उलटं दिसलं की सिक्युरिटीवाले काका विचारतात म्हणे, "मॅडम, हे काय?"

ती सांगते, सरबताचं कुपन आहे.